ठिणगी आधी, पेट्रोल मागाहून

जुनी मोटारसायकल रुसली की बहुतेकांचा हात पहिल्यांदा कार्ब्युरेटरकडे जातो. स्क्रू बाहेरून दिसतो, पाव फेरा फिरवला की लगेच आवाज बदलतो आणि काहीतरी इलाज केल्यासारखं वाटतं. दुखणं मात्र पुष्कळदा दुसरीकडे असतं. ठिणगीसाठी प्रवाह तोडणारे पॉइंट जळून त्यांना खड्डे पडलेले असतात, कंडेन्सर गेलेला असतो, नाहीतर टायमिंग हळूहळू सरकलेलं असतं. ठिणगीचा दोष पेट्रोल वाढवून झाकला जातो, गाडी चार दिवस बरी चालते, मग प्लग काळा पडतो आणि ती पुन्हा मिसिंग मारू लागते.

हे पुस्तक एका क्रमावर उभं आहे: आधी इंजिनची तब्येत, मग ठिणगी, मग पेट्रोल. त्याच्या जोडीला दुसरा आग्रह आहे. माप नुसतं पाठ करू नका, ते तेवढंच का हे समजून घ्या. कारखान्यांनी ज्या पेट्रोलसाठी ती मापं ठरवली, ते पेट्रोल आज ठाण्यात किंवा कल्याणात कुठल्याच पंपावर मिळत नाही. ज्या मोकळ्या रस्त्यांसाठी ती ठरवली, ते रस्तेही आता तसे नाहीत.

या विषयाशी पहिल्यांदाच ओळख होणाऱ्या वाचकासाठी मूळ गोष्ट आधी सांगतो. इंजिन चालायला दाबलेली हवा, तिच्यात योग्य प्रमाणात मिसळलेलं पेट्रोल आणि नेमक्या क्षणी पडलेली ठिणगी, एवढंच लागतं. दाब राखण्याचं काम रिंगा, व्हॉल्व्ह आणि गॅस्केट करतात. पेट्रोलचं प्रमाण कार्ब्युरेटर राखतो. एक भाग पेट्रोल पुरतं जळायला वजनाने सुमारे 14.7 भाग हवा लागते. कार्ब्युरेटरच्या गळ्यात वाट अरुंद होते, तिथे हवेचा वेग वाढतो, दाब उतरतो आणि खालच्या वाटीतलं पेट्रोल जेटच्या भोकातून वर ओढलं जातं. त्याला ना पंप लागतो, ना सेन्सर. हवेचा वेग आणि भोकाचा आकार यांच्या हिशेबावर सगळं चालतं.

ठिणगीचा हिशेब वेळेचा आहे. मिश्रण एका झटक्यात जळत नाही, ज्योत पसरायला थोडा अवधी लागतो. म्हणून पिस्टन वरच्या टोकाला पोहोचण्याच्या जरा आधीच ठिणगी पाडावी लागते. इंजिन मिनिटाला 1000 फेरे घेत असेल तर एका फेऱ्याला 60 मिलिसेकंद मिळतात, 5000 फेऱ्यांना फक्त 12. ज्योतीला लागणारा वेळ काही त्या प्रमाणात कमी होत नाही. त्यामुळे वेग वाढेल तशी ठिणगी आणखी आधी पडायला हवी. ती फार लवकर पडली तर किक उलटी मारते, चढावर टाकीखालून खणखण ऐकू येते आणि दुर्लक्ष केलं तर पिस्टनला भोक पडतं. उशिरा पडली तर पिकअप मरतो, इंजिन तापतं आणि सायलेन्सरचा पाइप निळा पडतो. शेवटची दोन लक्षणं पेट्रोल कमी पडत असतानाही दिसतात. लोक फसतात ते इथेच.

या दोन्ही यंत्रणा मोटारीइतक्याच जुन्या आहेत. जर्मनीत विल्हेल्म मायबाख आणि हंगेरीत दोनात बांकी व यानोश चोंका यांनी 1893 च्या सुमारास फवारा उडवणारा कार्ब्युरेटर घडवला. त्याआधी हवा पेट्रोलच्या पृष्ठभागावरून नेऊन तिची वाफ गोळा केली जात असे. रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड यांनी 1902 मध्ये उच्च दाबाचा मॅग्नेटो तयार केला आणि बॅटरीशिवाय भरवशाची ठिणगी मिळू लागली. पुढे अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी बॅटरी, कॉइल आणि पॉइंट यांची जोडणी रूढ केली. आपल्याकडच्या जुन्या बुलेटवर किंवा जावावर जे दिसतं ते त्याच जोडणीचं रूप आहे. सुरुवातीच्या मोटारसायकलींवर ठिणगी मागेपुढे करायला हँडलवर वेगळी दांडी असे आणि चालवणाराच चालता चालता टायमिंग बदलत असे. नंतर ते काम स्प्रिंग आणि वजनांच्या ॲडव्हान्स युनिटने घेतलं. ब्रिटनमध्ये 1927 मध्ये तीन कंपन्या एकत्र येऊन अमाल उभी राहिली आणि ब्रिटिश मोटारसायकल म्हटलं की अमाल कार्ब्युरेटर हे समीकरण झालं.

भारतात या परंपरा वेगवेगळ्या दारांनी आल्या. 1955 मध्ये मद्रासला एन्फिल्ड इंडियाची स्थापना झाली आणि इंग्लंडमधल्या रेडिचची बुलेट तिथे बनू लागली. ही चार स्ट्रोकची ब्रिटिश घडण. तिच्यावर आधी अमाल आणि पुढे मिकार्ब कार्ब्युरेटर आला. मुंबईत झेक जावा आयात करून विकणाऱ्या इराणी कुटुंबाने म्हैसूरला आयडियल जावा उभी केली आणि 1960 च्या दशकाच्या सुरुवातीपासून तिथून दोन स्ट्रोकची जावा बाहेर पडू लागली. 1970 च्या दशकात तिचंच नाव येझदी झालं. एस्कॉर्ट्सने पोलिश घडणीवरून राजदूत बनवली. ठाण्याच्या अगदी शेजारी, भांडुपला, ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाच्या कारखान्यात इटालियन लॅम्ब्रेटा तयार होत असे. ती स्कूटर खरी, पण फ्लायव्हीलच्या आतले पॉइंट तिच्या खिडकीतून बघत ज्याने सेट केले, त्याचा हात पुढे राजदूतवरही तसाच चालला. 1980 च्या दशकात राजदूत 350, आरएक्स 100 आणि सीडी 100 आल्या आणि जपानी घडण घरोघरी पोहोचली. आरएक्सवर पॉइंटच नव्हते, सीडीआय हे इलेक्ट्रॉनिक इग्निशन होतं. अनेक गॅरेजांत पॉइंट घासायची फाइल तेव्हापासून खणाच्या तळाशी गेली.

आपल्या ठाणे-कल्याण पट्ट्यात ही विद्या रुजली, त्यामागे इथली माणसं आहेत. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ 1962 मध्ये स्थापन झालं आणि त्याच्या कामाची सुरुवातच ठाण्याच्या वागळे इस्टेटपासून झाली. पुढे डोंबिवलीची एमआयडीसी झाली. शहाडला सेंच्युरी रेयॉन, मोहन्याला एनआरसी, अंबरनाथला आयुध निर्माणी आणि मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी होत्या. या कारखान्यांतला फिटर, टर्नर, टूलरूमचा माणूस लोकलने किंवा मोटारसायकलने कामाला जायचा. मायक्रोमीटर आणि फीलर गेज त्याच्या रोजच्या हातातली. ‘पॉइंटचा गॅप पंधरा थाऊ ठेव’ असं तो सहज म्हणायचा, कारण थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग हे त्याच्या बोटांना माहीत होतं. रविवारी चाळीच्या अंगणात स्वतःची गाडी उघडणारा हा कामगार आणि नाक्यावरच्या गॅरेजमधला उस्ताद, या दोघांच्या देवाणघेवाणीतून इथलं ट्युनिंग घडलं. उल्हासनगरची दुकानं, कुर्ल्याचा बाजार आणि चोरबाजार यांनी सुटे भाग पुरवले.

त्यामुळे या विद्येत वेगवेगळे संप्रदाय तयार झाले. पहिला कानाचा. उस्ताद इंजिन गरम करतो, एक हात थ्रॉटलवर आणि एक स्क्रूवर ठेवतो, आणि आवाजावरून गाडी लावतो. त्याच्या कानात शेकडो इंजिनं साठलेली असतात. हे ज्ञान खरं आहे, पण ते त्याच्याबरोबरच जातं. दुसरा मापाचा. त्याच्याकडे डायल गेज, अंशांची तबकडी, स्ट्रोब लाइट आणि वही असते. तो सावकाश काम करतो, पण त्याने लावलेलं टायमिंग दुसऱ्याला पुन्हा तसंच लावता येतं. तिसरा अस्सलपणाचा: मूळ अमाल किंवा जावाचा मूळ यिकॉव्ह कार्ब्युरेटर, मूळ पॉइंट, जसं कारखान्यातून निघालं तसंच. चौथा बदलाचा: पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवायचं, झिजलेला कार्ब्युरेटर बाजूला ठेवून नवा मिकुनी लावायचा आणि रोज कामाला गाडी न्यायची.

या चौघांत भांडण लावण्यात मला रस नाही. कान आणि माप एकमेकांना तपासतात, तेव्हाच काम पक्कं होतं. रोज शीळफाट्यावरून ये-जा करणाऱ्याने इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं तर त्यात काही पाप नाही, फक्त काढलेले मूळ भाग जपून ठेवावेत. पण बदल करण्याआधी मूळ यंत्रणा समजून घ्यावी, हा आग्रह मी सोडणार नाही. न समजता बदललेली गाडी पुढच्या मालकाला आणि पुढच्या मेकॅनिकला कोडं घालते.

एक काम जवळून पाहू. जुन्या 350 बुलेटचं टायमिंग. पॉइंटचं झाकण काढलं की आधी पॉइंटची तोंडं पाहायची. एका बाजूला खड्डा आणि समोर टेंगूळ असेल तर कंडेन्सरवर संशय घ्यायचा. नुसतं घासून ते पुन्हा तसंच होणार. तोंडं समतल करून, पॉइंट पूर्ण उघडे असताना गॅप 0.35 ते 0.40 मिलिमीटर ठेवायचा. गॅप आधी, टायमिंग नंतर, हा क्रम उलटवायचा नाही. कारण गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग आपोआप पुढे सरकतं. मग कॉम्प्रेशनच्या स्ट्रोकवर पिस्टन वरच्या टोकाच्या 0.8 मिलिमीटर अलीकडे आणायचा आणि ॲडव्हान्स युनिट पूर्ण मागे आहे ना, हे पाहायचं. नेमक्या या जागी पॉइंट उघडायला लागले पाहिजेत. पॉइंटमध्ये सिगारेटचा पातळ कागद धरून हलकेच ओढत राहायचं. तो सुटला, तो उघडण्याचा क्षण. टाकीपुढच्या ॲमीटरकडेही लक्ष ठेवायचं. चावी चालू असताना पॉइंट मिटलेले असले की काटा उणे बाजूला झुकतो, उघडताच मध्यावर परत येतो. कागद आणि काटा एकच सांगू लागले की नट आवळायचे आणि आवळल्यावर पुन्हा एकदा तपासायचं, कारण आवळतानाच प्लेट थोडी सरकते. पहिल्याच किकला गाडी लागली तरी तपासणी सोडायची नाही.

ठिणगी पक्की झाली की कार्ब्युरेटर. इथे नवख्याला सगळ्यात उपयोगी पडणारी गोष्ट म्हणजे थ्रॉटलचे टप्पे. एक अष्टमांशापर्यंत स्लो जेट आणि हवेचा स्क्रू काम करतात. तिथून पाव थ्रॉटलपर्यंत स्लाइडचा कापलेला काठ, पाव ते पाऊण निडल आणि पाऊणच्या वर मेन जेट. गाडी कुठल्या टप्प्यात अडते ते कळलं की काय हलवायचं ते कळतं. निडलची क्लिप खालच्या खाचेत घातली की निडल वर उचलली जाते आणि पेट्रोल वाढतं. स्क्रूच्या बाबतीत मात्र सावध राहायचं: तो हवेच्या बाजूला असेल तर आत घेतल्यावर पेट्रोल वाढतं, इंजिनच्या बाजूला असेल तर आत घेतल्यावर कमी होतं. दोन्ही प्रकार आपल्या रस्त्यांवर आहेत.

शेवटचा निवाडा प्लगचा. एखाद्या मोकळ्या रस्त्यावर, ठरावीक थ्रॉटलवर काही अंतर गाडी चालवायची, क्लच दाबून चावी बंद करायची आणि कडेला थांबून प्लग काढून पाहायचा. बिस्किटासारखा रंग योग्य, काजळी धरली तर पेट्रोल जास्त, पांढराफटक असेल तर कमी. कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेज ही आपल्याकडची उत्तम परीक्षा आहे. आधी सपाट रस्ता, मग लांब चढ, आणि वर सुमारे 700 मीटरवर हवा सहा-सात टक्क्यांनी विरळ. खाली बेताची वाटणारी गाडी तिथे थोडी जड चालते. तो गाडीचा दोष नाही, हवेचा फरक आहे, आणि हे ज्याला ठाऊक आहे तो घाटात थांबून स्क्रूशी खेळत बसत नाही.

दोन स्ट्रोकच्या गाड्यांचं शास्त्र थोडं वेगळं आहे आणि त्याला या पुस्तकात स्वतंत्र जागा आहे. इथे क्रँकची ऑइल सील हाही कार्ब्युरेटरचाच भाग समजावा लागतो. सील गेली की बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं आणि मालक बिचारा जेट बदलत राहतो. आणखी एक गोष्ट अनेकांना उलटी वाटते. पेट्रोलमध्ये टूटी, म्हणजे दोन स्ट्रोकचं तेल वाढवलं की मिश्रण पेट्रोलच्या दृष्टीने पातळ होतं, कारण जेटमधून जाणाऱ्या प्रत्येक थेंबात पेट्रोलचा वाटा कमी झालेला असतो. इंजिन जपण्यासाठी सढळ हाताने तेल ओतणारा नकळत ते तापवत असतो.

हे सगळं आत्ताच लिहायची गरज का पडली? पहिलं कारण पेट्रोल. 2003 मध्ये महाराष्ट्रासह काही राज्यांत 5 टक्के इथेनॉल मिसळायला सुरुवात झाली. 2023 च्या फेब्रुवारीत 20 टक्के मिश्रण बाजारात आलं आणि आता तेच सर्वसाधारण पेट्रोल झालं आहे. इथेनॉलच्या रेणूतच ऑक्सिजन असतो. त्याला जळायला वजनाने सुमारे नऊच भाग हवा लागते. 20 टक्के मिश्रणाचा हिशेब मांडला तर हवेचं योग्य प्रमाण साडेतेराच्या आसपास येतं. म्हणजे तेवढ्याच हवेला आठ-नऊ टक्के जास्त इंधन हवं. इंजेक्शनची नवी गाडी सेन्सरच्या मदतीने हे स्वतः जुळवून घेते. 1968 ची जावा जुळवून घेत नाही, तिचा मालकच तिचा सेन्सर आहे. शिवाय इथेनॉल पाणी ओढतं. पावसाळाभर झाकून ठेवलेल्या गाडीच्या वाटीत पांढरा थर बसतो, जुने रबर फुगतात, जेट चोकअप होतो. जुन्या पुस्तिकेतला मेन जेटचा आकडा बरोबरच होता, पण तो शुद्ध पेट्रोलसाठी होता.

दुसरं कारण रस्ते. घोडबंदर रोडला आणि कल्याण-शीळ रस्त्यावर गाडी तासभर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरपटते. थ्रॉटल एक अष्टमांशाच्या वर जातच नाही. वारा नसल्याने हवेवर थंड होणारं इंजिन तापत राहतं. मेन जेटवर वाद घालणाऱ्या बहुतेकांचं रोजचं आयुष्य स्लो जेटवर चालू असतं. इथल्या गाडीसाठी स्लो जेटची सफाई, टायमिंगची अचूकता आणि ॲडव्हान्स युनिटच्या स्प्रिंगा या गोष्टी वेगापेक्षा महत्त्वाच्या आहेत. त्यावर जून ते सप्टेंबरची दमट हवा पॉइंटना गंज आणते. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर पॉइंट उघडणं हा इथला नियमच असायला हवा.

तिसरं कारण माणसं. एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे प्रदूषणाचे नियम आले आणि नव्या मोटारसायकलींवरून कार्ब्युरेटर जवळजवळ नाहीसा झाला. आज आयटीआयमधून बाहेर पडणारा मुलगा स्कॅनर लावायला शिकतो, आणि त्याने ते शिकायलाच हवं. पण पॉइंटचा आवाज ओळखणारे उस्ताद वयस्कर झाले आहेत आणि त्यांच्या हाताखाली मुलं उरलेली नाहीत. दुसऱ्या बाजूला जुन्या गाड्यांची ओढ वाढते आहे. 2021 मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात जपलेल्या वाहनांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम केले, त्यांच्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. 1970 च्या दशकातल्या बुलेट आणि येझदी आता त्या वयात शिरत आहेत. आजोबांची गाडी गॅलरीखालून बाहेर काढणाऱ्या नातवाला ती चालवायची आहे, नुसती पुसून ठेवायची नाही. त्याला शिकवणारा माणूस जवळ नसेल, तर निदान मराठीतलं पुस्तक जवळ हवं.

या पुस्तकात एखादा जादूचा आकडा शोधाल तर तो सापडणार नाही. मॉडेलनिहाय मापं दिली आहेत, पण प्रत्येक मापाशेजारी ते का, आणि आजच्या पेट्रोलवर ते कुठल्या दिशेने हलवायचं, हे आहे. लक्षणावरून कारणाकडे जाण्याची वाट दाखवली आहे, आणि त्या वाटेवर टॅपेट, कॉम्प्रेशन व हवेची गळती तपासल्याशिवाय पुढे जाऊ दिलेलं नाही. शब्द गॅरेजमधलेच ठेवले आहेत, कारण ज्याच्याकडून शिकायचं त्याची भाषा यायला हवी. पूर्ण रिस्टोरेशन, रंगकाम आणि क्रोम हे विषय मुद्दाम बाहेर ठेवले आहेत. ते दुसऱ्यांनी चांगले लिहिले आहेत. बोअर, क्रँक आणि वेल्डिंग ही कामं अनुभवी माणसाकडेच द्या, हेही जागोजागी सांगितलं आहे.

वाचकाकडून एकच अपेक्षा आहे. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि ती लिहून ठेवा. कानाचं ज्ञान वहीत उतरलं तरच ते दुसऱ्याच्या कानापर्यंत जाईल, आणि ही विद्या टिकण्याचा दुसरा मार्ग मला दिसत नाही. म्हणून पहिलं प्रकरण उघडण्याआधी एक वही घ्या. गाडीचं मॉडेल, आजचा पॉइंट गॅप, प्लगचा गॅप, क्लिपची खाच, जेटवरचे आकडे आणि प्लगचा रंग, जसा आहे तसा लिहा. काही दुरुस्त करू नका. पुढचं सगळं काम त्या पानाशी ताडून करायचं आहे.